‘पुल अप’ ऐकल्यावर प्रश्न विचारायचा नसतो

आमच्या पेडण्यातल्या भाऊकाकांनी नवी गाडी घेतली, तिला मागे रिव्हर्स सेन्सर होता. मागे काही जवळ आलं की टूं-टूं-टूं. पहिला आठवडा काका त्या आवाजावर फिदा होते. मग कळलं की तो गडग्यावर वाढलेल्या गवतालाही वाजतो, पावसात आडव्या झालेल्या तेरड्यालाही वाजतो, आणि एकदा तर कोंबडीलाही वाजला. काका म्हणायला लागले, “वाजूं दी रे, ताका दुसरें काम ना.” चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान भरून गाडी मागे घेताना तो नेहमीसारखा वाजला, काकांनी नेहमीसारखं दुर्लक्ष केलं, आणि चिऱ्याच्या गडग्याने मागचा दिवा फोडला.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या अंगणातून गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. त्या प्रत्येक विमानात काकांच्या सेन्सरचा एक फार हुशार, फार महागडा भाऊ बसलेला असतो. जमीन धोकादायक रीतीने जवळ येतेय असं वाटलं की तो इंग्रजीत ओरडतो: “टेरेन, टेरेन! पुल अप!” म्हणजे समोर जमीन आहे, नाक वर घे. वैमानिकी जगात त्याला जीपीडब्ल्यूएस (ग्राउंड प्रॉक्सिमिटी वॉर्निंग सिस्टिम, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र) म्हणतात, नव्या अवताराला ईजीपीडब्ल्यूएस. अडचण मात्र काकांचीच आहे. यंत्र ओरडणार हे नक्की असतं, पण ऐकणारा त्या क्षणी ऐकेल का, हे नक्की नसतं. गेली पन्नास वर्षं या यंत्रावर जी मेहनत झाली, ती बरीचशी याच एका गोष्टीसाठी: माणसाने विचार न करता त्याचं ऐकावं, इतकं ते भरवशाचं व्हावं.

आता पहिला प्रश्न. धडधाकट विमान, इंजिनं ठणठणीत, वैमानिक अनुभवी, मग ते डोंगरावर आपटेलच कशाला? वाचायला विचित्र वाटतं, पण प्रवासी विमानांच्या इतिहासात अशा अपघातांनी फार माणसं मारली आहेत. या प्रकाराला सीएफआयटी (कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन) असं नाव आहे. विमान पूर्ण ताब्यात असतं, फक्त ते जमिनीच्या दिशेने चाललंय हे आत बसलेल्यांना ठाऊक नसतं. आपण अमुक जागी आहोत असं त्यांना वाटत असतं, आणि असतात भलतीकडेच.

मराठी वाचकाला यासाठी लांब जायला नको. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलितालियाचं डीसी-८ मुंबईत उतरायला निघालं होतं. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो असं वैमानिकांना वाटलं, म्हणून ते खाली यायला लागले. प्रत्यक्षात ते अजून जुन्नरच्या डोंगरांवर होते. ९४ जण होते, एकही वाचला नाही. त्याआधी जुलै १९४९ मध्ये केएलएमचं एक विमान मुंबईत उतरता उतरता घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं होतं. आणि २४ जानेवारी १९६६ चा अपघात तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: जिनिव्हाला उतरणारं एअर इंडियाचं बोइंग ७०७ माँ ब्लाँवर आपटलं, ११७ जण गेले, त्यात होमी भाभा होते. त्या अपघाताभोवती नाना कहाण्या रचल्या गेल्या आहेत. चौकशीतून निघालेली गोष्ट मात्र साधी आहे. माँ ब्लाँ मागे पडला, असं समजून विमान खाली यायला निघालं, आणि तो मागे पडलेला नव्हता. त्याच डोंगरावर १९५० साली एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळलं होतं, ४८ जणांना घेऊन.

या सगळ्यांत शेवटच्या क्षणापर्यंत कॉकपिटमध्ये शांतता असते. ढगात असाल तर डोंगर दिसत नाही, रात्री असाल तरी दिसत नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात आंबोली घाट चढताना पुढच्या एसटीचा लाल दिवाही दिसत नाही, तसंच. फरक एवढाच की एसटी ताशी वीसने चाललेली असते.

डॉन बेटमन नावाचा कॅनडात जन्मलेला इंजिनियर या शांततेच्या मागे लागला. सप्टेंबर १९७१ मध्ये अलास्का एअरलाइन्सचं एक बोइंग ७२७ जुनोजवळच्या डोंगरावर आपटलं, १११ जण गेले. बेटमनने नंतर त्या जागेवरून स्वतः उड्डाण केलं. त्याचं यंत्र तेव्हा घडतच होतं, पण अशा अपघातांनी त्याला झपाटलं. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं विमान असंच डोंगरावर गेलं, ९२ मृत्यू झाले, आणि त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र सक्तीचं केलं. बेटमन २०२३ मध्ये वारला. इतके जीव वाचवणाऱ्या माणसाचं नाव विमानात बसणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही माहीत नसेल.

यंत्राची मूळ कल्पना समजायला सोपी आहे. विमानात उंची मोजायच्या दोन पद्धती असतात. नेहमीचा अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो. वर गेलं की दाब कमी होतो, त्यावरून तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. खाली समुद्र आहे, शेत आहे की डोंगराचा माथा, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. दुसरा असतो रेडिओ अल्टिमीटर. तो विमानाच्या पोटाखालून रेडिओ लहर सोडतो, ती जमिनीवर आपटून परत येते, आणि त्यावरून पोटापासून जमीन किती फूट हे कळतं. साधारण अडीच हजार फुटांच्या आत आल्यावर हा बोलायला लागतो.

दोघांतला फरक मोपाला छान दिसतो. मोपा हा सडा आहे, लाल कातळाचं उंच सपाट पठार. दाबोळीचा विमानतळही असाच उंचवट्यावर, आणि वास्कोच्या त्या भागात तर एका वस्तीचं नावच सडा आहे. मोपाला उतरणारं विमान खालच्या दऱ्याखोऱ्यांवरून येतं तेव्हा रेडिओ अल्टिमीटर समजा नऊशे फूट दाखवतोय. सड्याची कड पोटाखाली आली की क्षणात आकडा अर्ध्यावर येतो. विमान तेवढं खाली आलेलं नसतं, जमीन वर आलेली असते.

पहिल्या पिढीच्या यंत्राने हेच पाहिलं: जमीन किती वेगाने जवळ येतेय, विमान किती वेगाने खाली जातंय, चाकं बाहेर आहेत का, फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणारे पंखांचे मागचे पट्टे) खाली आहेत का, आणि धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ किरणाच्या खाली तर आपण गेलो नाही ना. प्रत्येक गडबडीला वेगळं वाक्य. फार वेगाने खाली जात असाल तर “सिंक रेट”. चाकं न काढता जमिनीजवळ आलात तर “टू लो, गिअर”. फ्लॅप विसरलात तर “टू लो, फ्लॅप्स”. उड्डाण करून लगेच पुन्हा खाली घसरायला लागलात तर “डोन्ट सिंक”. उतरण्याच्या किरणाखाली गेलात तर “ग्लाइडस्लोप”. ही वाक्यं बऱ्यापैकी सभ्य असतात, म्हणजे अजून वेळ आहे, चूक सुधार. त्यांच्या वरची पायरी म्हणजे “पुल अप”. ते ऐकू आलं की सुधारत बसायचं नसतं, सुटका करून घ्यायची असते.

अंदाज यावा म्हणून: नेहमीच्या उतरण्यात विमान तीन अंशांच्या उतारावर असतं. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने येताना ते मिनिटाला सातशे-आठशे फूट खाली येतं. आपल्याला पोटात काही जाणवतही नाही. हाच आकडा जमिनीजवळ दीड-दोन हजारांवर गेला की “सिंक रेट”ची पाळी जवळ येते. २० जानेवारी १९९२ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचं ए३२० डोंगरावर गेलं, ८७ जण मेले. चौकशीत सगळ्यात संभवनीय मानलेलं कारण वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. एकाच बटणाने उतार अंशांत ठरवता येत होता आणि उतरण्याचा वेगही. वैमानिकांना हवा होता ३.३ अंशांचा उतार, यंत्र होतं दुसऱ्या पद्धतीवर, आणि त्याने ३३ चा अर्थ घेतला मिनिटाला ३,३०० फूट. त्या विमानात जीपीडब्ल्यूएस बसवलेलंच नव्हतं.

पण बसवलं तरी पहिल्या पिढीच्या यंत्रात एक मोठी खोट होती. ते फक्त खाली बघायचं. अंधारात बॅटरी पायांवर रोखून चालणाऱ्या माणसासारखं. पायाखालचा खड्डा दिसतो, समोरची भिंत दिसत नाही. कोकणातून पूर्वेकडे जाताना जमीन बरंच अंतर सपाट, आणि मग चोर्ल्याला किंवा आंबोलीला सह्याद्री एकदम उभा ठाकतो. अशा कड्याकडे जाणाऱ्या विमानाच्या पोटाखाली शेवटच्या काही सेकंदांपर्यंत भरपूर जागा असते. यंत्र ओरडतं तेव्हा उशीर झालेला असतो.

नेमकं हेच २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातल्या काली शहराजवळ झालं. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७, रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना डोंगर असलेली दरी. कॉम्प्युटरमध्ये एका बीकनची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची, निवड चुकली, विमान डावीकडे वळलं, गोंधळ लक्षात आल्यावर वैमानिकांनी ते परत उजवीकडे आणायला घेतलं, आणि या सगळ्या वेळात ते खाली येतच होतं. इशारा वाजला आणि टक्कर झाली, यात सुमारे १२ सेकंद होते. वैमानिकांनी लगेच पूर्ण ताकद दिली, नाक वर खेचलं. पण लवकर खाली यावं म्हणून आधी उघडलेले पंखांवरचे स्पीड ब्रेक उघडेच राहिले. विमान डोंगराच्या माथ्याजवळ आदळलं. १६३ पैकी चार जण वाचले. पुढच्या अभ्यासात दिसलं की ते ब्रेक लगेच मिटले असते तर कदाचित तो माथा ओलांडता आला असता. म्हणजे बारा सेकंदांत माणसांनी जवळजवळ सगळं बरोबर केलं, एक गोष्ट सोडून.

दुसऱ्या पिढीचं यंत्र या सुमारास तयार होतच होतं. त्यात बेटमनच्या गटाने जगाच्या जमिनीचा नकाशाच भरला. जीपीएसवरून आपण कुठे आहोत ते कळतं, नकाशावरून पुढे काय आहे ते कळतं, आणि विमान असंच चालत राहिलं तर काय होईल याचा हिशेब यंत्र सतत करत राहतं. जगातल्या कित्येक भागांचे नीट नकाशे तेव्हा बाहेर उपलब्धच नव्हते. सोव्हिएत संघाने लष्करासाठी केलेले नकाशे, तो देश फुटल्यावर, या गटाने विकत घेतले. कुणीतरी रणगाड्यांसाठी मोजलेली टेकडी आता प्रवाशांना वाचवते, हे मला तरी फार आवडतं.

या नव्या यंत्रामुळे सेकंदांचं गणित बदललं. टक्कर होण्याच्या साधारण एक मिनिट आधी सौम्य सूचना, “कॉशन, टेरेन”. सुमारे अर्धा मिनिट आधी “टेरेन अहेड, पुल अप”. उतरायच्या आधी ताशी ४६० किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला सव्वाशे मीटरहून जास्त कापतं. पणजी ते म्हापसा सव्वा-दीड मिनिट, फार तर पावणेदोन. अर्धा मिनिट म्हणजे जवळपास चार किलोमीटर. कालीच्या बारा सेकंदांत दीडच किलोमीटर मिळाले होते. शिवाय स्क्रीनवर आसपासची जमीन रंगांत दिसते: हिरवा म्हणजे आपल्याहून बरीच खाली, पिवळा म्हणजे उंचीला आपल्या आसपास, लाल म्हणजे आपल्याहून वर.

सड्यावरच्या विमानतळांसाठी यात एक खास युक्ती आहे, गोव्याच्या वाचकाला ती कळायला हवी. समजा विमान चुकून फार खाली आलं आणि दरीवर आहे. रेडिओ अल्टिमीटर म्हणतो, खाली सहाशे फूट मोकळे आहेत, चिंता नको. पण धावपट्टी सड्यावर आहे, म्हणजे पुढची धावपट्टीच विमानापेक्षा वर असू शकते. म्हणून नवं यंत्र धावपट्टीच्या उंचीशीही तुलना करतं आणि “टू लो, टेरेन” म्हणतं. त्यासाठी ती धावपट्टी त्याच्या यादीत असावी लागते. मोपावरून विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडायला लागली. अशा नव्या विमानतळाची नोंद विमानातल्या यादीत आधीच भरलेली नसेल, तर बिचारं यंत्र म्हणणार, इथे तर नुसता कातळ आहे, तू खाली कुठे चाललास? म्हणून ही यादी ठरावीक काळाने ताजी करणं हे कंटाळवाणं पण मोलाचं काम आहे.

आता मुख्य भाग. “पुल अप” वाजलं. पुढे काय?

रात्र आहे किंवा बाहेर ढग आहे असं धरा. विमान उडवणारा वैमानिक ऑटोपायलट काढतो, कारण ऑटोपायलट सौम्य स्वभावाचा आहे आणि आता सौम्यपणा नको. इंजिनांना पूर्ण ताकद. पंख सपाट, म्हणजे वळण चालू असेल तर मोडायचं. मग नाक वर, आणि तेही जोरात. बोइंगमध्ये साधारण वीस अंशांपर्यंत नाक नेतात, आणि तरीही डोंगर पुढे असेल तर विमान स्टॉलच्या काठावर, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या बेतात, येईपर्यंत. एअरबसमध्ये बाजूची कांडी पूर्ण मागे ओढून धरतात, आणि विमानाचा कॉम्प्युटर स्टॉल होऊ न देता जेवढं वर नेता येईल तेवढं नेतो. स्पीड ब्रेक मिटलेत का, ते हाताने तपासायचं, कालीचा धडा. चाकं आणि फ्लॅप मात्र आहेत तसेच ठेवायचे, धोका संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. फ्लॅप मिटायला घेतले तर मध्येच पंखांची उचल कमी होते आणि नको त्या क्षणी विमान खाली दबतं.

दुसरा वैमानिक या वेळी बघ्याची भूमिका घेत नाही. तो रेडिओ अल्टिमीटरचा आकडा मोठ्याने सांगत राहतो: पाचशे, चारशे, साडेतीनशे… आणि आकडा वाढायला लागला की तेही. उडवणाऱ्याला खाली बघायला फुरसत नसते. त्याला फक्त हा आकडा हवा असतो.

वळून डोंगर चुकवावा, असं आपल्याला सहज सुचतं. रस्त्यावर तसंच करतो आपण. पण वळताना पंख कलतात, त्यांची उचल बाजूलाही वाटली जाते, वर जायला कमी उरते. आणि डावीकडे काय आहे हे कुणाला माहीत? ज्या माणसाला नुकतंच कळलंय की आपण कुठे आहोत ते आपल्याला ठाऊक नव्हतं, त्याने दिशेचा अंदाज बांधू नये. वर आकाश आहे, एवढं एकच त्या क्षणी खात्रीने माहीत असतं.

जेट इंजिनांना उतरताना असलेल्या मंद फिरण्यातून पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद लागतात. मग तेवढ्यात विमान वर जातं कशाच्या जोरावर? वेगाच्या. घाटात स्कूटर नेताना चढाच्या आधी वेग घेतो आणि त्या जोमावर पहिला चढ पार करतो, तसं विमान आपला वेग खर्चून उंची विकत घेतं, आणि मागाहून इंजिनांची ताकद येऊन मिळते. म्हणून नाक ओढायला उशीर केला की नुसतं अंतर जात नाही, ही खरेदी करायची संधीही जाते. आत बसलेल्यांना काय वाटतं? कुणीतरी खांद्यावर तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं. इंजिनांचा आवाज वाढतो, मांडीवरची पिशवी जड होते, आणि मागे एखादं मूल रडायला लागतं.

दिवस असेल, आकाश स्वच्छ असेल, समोरची जमीन स्पष्ट दिसत असेल आणि अमुक टेकडीमुळे हा आवाज येतोय हे उघड असेल, तर वैमानिकाला थोडी सूट असते. इशारा बंद होईपर्यंत योग्य ती सुधारणा करून पुढे जाता येतं. रात्री किंवा ढगात ही सूट नाही. तिथे आधी वर, चर्चा नंतर. सिम्युलेटरमध्ये हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात, कारण विचार करायला गेलात की पाच सेकंद गेले.

आणि तरी माणसं ऐकत नाहीत. ९ मे २०१२ ला इंडोनेशियात सुखोईच्या नव्या सुपरजेटचं प्रात्यक्षिक उड्डाण होतं. सलाक पर्वताच्या दिशेने जाताना यंत्र टक्करीच्या ३८ सेकंद आधी ओरडलं. तिथे डोंगर आहे हे कॅप्टनच्या ध्यानात नव्हतं. त्याला वाटलं नकाशातच घोळ आहे, आणि त्याने इशारा बंद करून टाकला. ४५ जण मेले. चौकशीत निघालं की पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत वर खेचलं असतं तरी विमान वाचलं असतं. भाऊकाकांचं वाक्य आठवा. हा माणूस मूर्ख नव्हता. तो नावाजलेला चाचणी वैमानिक होता. उलट, अनुभवी माणसालाच आवाज आल्यावर आधी आवाजाचं कारण शोधावंसं वाटतं.

कॅप्टन एकटा नसतो, शेजारी को-पायलट असतो. पण तो बोलला तरी पुरत नाही. २८ जुलै २०१० ला इस्लामाबादला एअरब्लूचं ए३२१ मारगल्ला टेकड्यांवर गेलं, १५२ मृत्यू झाले. शेवटचं मिनिटभर यंत्र ओरडत होतं, आणि को-पायलट कॅप्टनला पुन्हा पुन्हा सांगत होता. ताबा मात्र त्याने घेतला नाही. त्याच्या दोनच महिने आधी, २२ मे २०१० ला, आपल्याकडे मंगळूरला काय झालं? कोकण रेल्वेने गोव्याहून खाली गेलात की जवळजवळ शेवटी मंगळूर लागतं, तिथला विमानतळही सड्यावरचा. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीच्या फार वर राहिलं होतं. ती उंची मोडण्यासाठी कॅप्टनने ते झपाट्याने खाली आणलं, आणि यंत्र “सिंक रेट”, “पुल अप” म्हणत राहिलं. को-पायलटने ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर जाऊ, असं एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा सांगितलं. विमान धावपट्टीचा बराच भाग मागे पडल्यावर टेकलं आणि पुढच्या दरीत गेलं. १६६ पैकी आठ वाचले. इथे डोंगराशी टक्कर नव्हती, म्हणून काहीजण हा अपघात या मालिकेत धरत नाहीत. मी धरतो. यंत्राने सांगायचं ते सांगितलं होतं.

माझं मत विचाराल तर, या विषयातली सगळ्यात मोठी सुधारणा नकाशा ही नाही. को-पायलटने तोंड उघडावं, कॅप्टनने ते ऐकावं, आणि वेळ पडली तर शेजारच्याने ताबा घ्यावा, हे शिकवायला सुरुवात झाली, ती सुधारणा मोठी. आपल्याकडे थोरांना उलट बोलायचं नाही हे लहानपणापासून शिकवतात. कॉकपिटमध्ये ते विसरायला शिकवावं लागतं.

यंत्र अचूक आहे असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. मे २०२२ मध्ये पॅरिसला एक ए३२० ढगातून उतरत होतं. जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरने, अल्टिमीटर ज्यावर लावतात तो तिथला हवेचा दाब १००१ ऐवजी १०११ सांगितला. दाबातल्या एका एककाची चूक म्हणजे उंचीत जवळपास अठ्ठावीस फुटांची चूक. अल्टिमीटर सगळं ठीक दाखवत असताना विमान प्रत्यक्षात २८० फूट खाली होतं. धावपट्टीच्या बऱ्याच आधी ते जमिनीपासून सहा फुटांवर पोचलं. सहा फूट म्हणजे आमच्या गडग्याहून थोडं जास्त. कॉकपिटमधला पहारेकरी गप्पच राहिला, आणि धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी वर जायचं ठरवलं तेवढ्याने सगळे वाचले.

आणि २०२३ पासून उलटं दुखणं सुरू झालं आहे. पश्चिम आशियात लढाईच्या आसपासच्या भागांत खोटे जीपीएस संदेश सोडतात, विमानाला आपण भलतीकडेच आहोत असं वाटतं, आणि पस्तीस हजार फुटांवर, खाली वाळवंट असताना, यंत्र “पुल अप” ओरडतं. काही वेळा हा गोंधळ त्या भागातून बाहेर पडल्यावरही तासन् तास राहतो. तेव्हा वैमानिक नकाशावरून पुढचं सांगणारा भाग बंद करतात आणि रेडिओ अल्टिमीटरवर चालणारे जुने इशारे चालू ठेवतात. या विषयात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. पहिल्या पिढीचं यंत्र खोटं ओरडायचं म्हणून वैमानिक त्याला शिव्या द्यायचे, काहीजण त्याचा स्विचच काढायचे. तो विश्वास मिळवायला तीस वर्षं गेली. भाऊकाकांनी निदान गडग्यावरचं गवत कापून टाकलं. आकाशातलं हे गवत कापणं विमान कंपन्यांच्या हातात नाही.

बाकी, खऱ्या इशाऱ्यानंतर सगळं नीट झालं की कॉकपिटमध्ये पुढचं काम ठरलेलं असतं. सुरक्षित उंचीला गेल्यावरच कंट्रोलरला सांगायचं, कारण उडवणं पहिलं, बोलणं नंतर. मग आपण नेमके कुठे होतो हे शोधायचं, फ्लॅप नि चाकं आवरायची, पुन्हा यायचं की दुसरीकडे जायचं ते ठरवायचं. उतरल्यावर अहवाल लिहायचा, विमानातल्या नोंदी काढून तपासायच्या. मागे बसलेल्यांच्या वाट्याला यातलं जवळजवळ काहीच येत नाही. स्पीकरवर एक शांत आवाज येतो, आणि तो सांगतो की काही कारणाने उतरायला थोडा उशीर होत आहे, कृपया सीट बेल्ट बांधून बसून राहावं.